गाडी रुसली नव्हती : ‘लाँग वे अप’ पाहताना

वर्गात दाखवण्याजोगे विज्ञानपट सुचवा, असे शिक्षक आम्हाला नेहमी विचारतात. ‘लाँग वे अप’ ही मालिका विज्ञानपट नाही. दोन मित्रांच्या प्रवासाची ती हकिकत आहे. तरीही दहावीच्या मुलांना विद्युतधारा आणि उष्णता यांचा संबंध समजावून देण्यासाठी तिचा चांगला उपयोग होईल, असे आम्हाला वाटते. मात्र मालिका जिथे थांबते, तिथून पुढे शिक्षकाला बोलावे लागेल.

यूअन मॅक्ग्रेगर आणि चार्ली बोरमन या दोन अभिनेत्यांनी २०१९ च्या उत्तरार्धात अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया या गावापासून अमेरिकेतील लॉस एंजेलिसपर्यंत मोटारसायकलींवर प्रवास केला. अंतर सुमारे २१,००० किलोमीटर. यापूर्वीच्या दोन मोठ्या प्रवासांत त्यांच्या गाड्या पेट्रोलच्या होत्या, या वेळी हार्ले-डेव्हिडसनच्या ‘लाइव्हवायर’ या विजेच्या गाड्या होत्या. मालिका २०२० मध्ये प्रदर्शित झाली.

मालिकेचा मोठा गुण म्हणजे प्रांजळपणा. गाड्या कंपनीच्या असूनही अडचणी लपवलेल्या नाहीत. पॅटागोनियाच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, चार्जिंग नीट होत नाही आणि प्रवाशांचे चेहरे पडतात, हे सारे आपण पाहतो. पण असे का होते, हे कोणी धडपणे सांगत नाही. गाडी म्हणजे जणू लहरी घोडा. कधी चालतो, कधी अडून बसतो! एका शिक्षक-वर्गात आम्ही पहिला भाग दाखवला, तेव्हा एका बाईंनी विचारले, “म्हणजे गाडी सदोष होती का हो?” प्रश्न रास्त होता. मालिका पाहून तसेच वाटते. उत्तर मात्र बरोबर उलटे आहे.

लिथियम-आयन घट चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थंडीत ही हालचाल मंदावते. अशा वेळी बाहेरून मोठी विद्युतधारा लोटली, तर आत शिरू न शकलेले लिथियम धातूच्या रूपाने ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच साचू लागते. त्यामुळे घटाची क्षमता कायमची घटते; साचलेल्या धातूचे काटे वाढले तर आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचाही धोका असतो. म्हणून थंड घट दिसताच बॅटरीवर देखरेख करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल विद्युतधारा मुद्दाम कमी करते. थंडीत चार्जिंग रेंगाळते ते प्रामुख्याने यामुळे. पडद्यावर जी अडेलतट्टूपणाची भासते, ती गाडीची खबरदारी असते.

थंडीचे निदान नाट्य तरी पडद्यावर आहे. उष्णतेच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही, आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे. लांबच्या प्रवासात बॅटरीला खरा ताप उष्णतेचाच होतो. ज्यूलचा नियम आपण शिकवतो : निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेचा विरोध दुप्पट होतो. एकूण शक्ती दुप्पट लागली असे धरले, तर विद्युतधाराही जवळजवळ दुप्पट आणि घटांत उष्णता निर्माण होण्याचा दर चौपट.

आता चार्जिंगकडे वळू. लाइव्हवायरची बॅटरी १५.५ किलोवॉट-तासांची आहे. जलद चार्जरवर ती ४० मिनिटांत ८० टक्के आणि ६० मिनिटांत पूर्ण भरते, असे कंपनी सांगते. हे आकडे फळ्यावर मांडून पाहावेत. पहिल्या ४० मिनिटांत १२.४ किलोवॉट-तास भरले, म्हणजे सरासरी दर १८.६ किलोवॉट. उरलेल्या २० मिनिटांत ३.१, म्हणजे ९.३ किलोवॉट. घट भरत आला की विद्युतधारा कमी करावी लागते. म्हणून शेवटच्या भागाचा दर बरोबर निम्मा. जाणता प्रवासी ८० टक्क्यांवर प्लग काढून पुढे निघतो, तो याच हिशेबाने. मालिकेत हा तास काही सेकंदांत उरकतो. हिशेबाला जागाच राहत नाही.

या ऊर्जेपैकी ५ टक्के घटांतच उष्णता झाली, असे समजू. ती होते सुमारे २.८ मेगाज्यूल. बॅटरीचे वस्तुमान १०० किलोग्रॅम आणि विशिष्ट उष्मा किलोग्रॅमला १ किलोज्यूल धरला, तर उष्णता बाहेर न पडल्यास तापमान सुमारे २८ अंशांनी चढेल! लाइव्हवायरच्या मोटरभोवती द्रव खेळवलेला आहे, पण बॅटरीला केवळ हवेचाच आधार. आणि चार्ज होताना गाडी उभी असल्यामुळे वाराही नसतो. उलट निम्म्या विद्युतधारेने चार्ज केल्यास उष्णतेचा दर चौथा हिस्सा होतो. वेळ दुप्पट लागला तरी एकूण उष्णता निम्मीच, आणि ती बाहेर पडायला अवधीही दुप्पट.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. भरधाव गेलेला प्रवासी चार्जरपाशी तापलेली बॅटरी घेऊन पोचतो, देखरेखीचे मंडल चार्जिंगचा वेग उतरवते आणि रस्त्यावर वाचवलेला वेळ तिथे खर्ची पडतो. बेताने आलेला मागून येऊन पुढे निघू शकतो. ससा-कासवाच्या गोष्टीला भौतिकशास्त्राचा असा दाखला असताना मालिकेने तो सोडून द्यावा, याचे वाईट वाटते.

अँडीजच्या उंचीबद्दलही हेच. चार हजार मीटरवर हवा विरळ असते. पेट्रोलचे इंजिन तिथे दमते, मोटर दमत नाही आणि वाऱ्याचा विरोधही घटतो. मात्र तीच विरळ हवा बॅटरीची उष्णता कमी वाहून नेते. बोलिव्हियाची दृश्ये अप्रतिम आहेत, पण त्यांच्यासोबत एवढी दोन वाक्ये सहज सांगता आली असती.

प्रवास यशस्वी झाला, यावरून काय सिद्ध होते? दोघांच्या दिमतीला मोठा चमू होता, सोबतीला विजेचे ट्रक होते आणि वाटेत चार्जर बसवण्याची खास सोय केली होती. एकट्या प्रवाशाला हे जमेल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्रयोगातील साहाय्य वगळून निष्कर्ष काढू नये, ही शिकवण मुलांना इथे देता येईल.

हा सारा ऊहापोह आपल्यापासून दूरचा वाटेल. तसा तो नाही. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी विजेच्या स्कूटरांना आगी लागल्याच्या बातम्या देशात ठिकठिकाणाहून आल्या, त्यांत पुणेही होते. त्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. पण नियम काही स्कूटर सावलीत लावत नाहीत! विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, सावलीत तासभर निवू द्यावी, हे घरी सांगणारा विद्यार्थीच असणार. ‘का?’ असे वडिलांनी विचारल्यावर त्याला ज्यूलचा नियम आठवला, तर आपले शिकवणे कामी आले.

मालिका जरूर दाखवावी. गाडी चार्ज होईना असे दृश्य आले की तेवढ्यापुरती थांबवावी, आणि खडू हाती घ्यावा.