सांगावा कोणी नेला?

मराठीतील पांढरपेशा ललित लेखनात अलीकडे एक सूर वारंवार ऐकू येतो. पूर्वी माणसे एकमेकांकडे जात, निरोप माणसांकरवी पोचत, पहाटे घरोघरी जाते फिरे. आता मोबाइल आला, सगळे सोयीचे झाले आणि माणूस माणसाला पारखा झाला. या हळहळीच्या प्रामाणिकपणाबद्दल आपली तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या व्याकरणाबद्दल. ‘निरोप पोचत असे’ या वाक्यात निरोप पोचविणारा कुठे आहे?

तो दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) आहे. मयताचा सांगावा गावोगाव पोचविणे हे महाराच्या गावकीच्या कामांपैकी एक काम. ऊन असो, पाऊस असो, निघायचे. ज्यांच्या घरची बातमी, त्यांच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून ती सांगायची आणि परत फिरायचे. मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते आणि मागून आणलेली भाकर. ज्या काळाला हे लेखक माणुसकीचा काळ म्हणतात, त्या काळाची संपर्कव्यवस्था महाराच्या पायांवर उभी होती. तेव्हा सोय यंत्राने आणली, हा समजच मुळात चुकीचा आहे. गावाची सोय आधीपासूनच होती आणि तिचे नाव वतन होते. ते जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणूनच यंत्राविषयीची बाबासाहेबांची भूमिका आपल्या समीक्षेने पुन्हा वाचली पाहिजे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची झाडाझडती घेतली आहे. माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायचे तर फुरसत हवी आणि फुरसत यंत्रच देऊ शकते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. दोष यंत्राचा नसून यंत्राचे लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. बदलायची आहे ती रचना.

ही कसोटी आजच्या सोयीला लावून पाहू. मोबाइलवर बोट टेकवले की काही मिनिटांत जिन्नस दारात येतो. तो ‘ॲपने’ आणला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात भर उन्हात दुचाकी हाकून, जिने चढून कोणीतरी पोरगा तो आणतो आणि दाराबाहेरूनच परत जातो. दुसरीकडे, माणसाला गटारात उतरविणाऱ्यांवर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, गटार साफ करणारी यंत्रेही आहेत. तरी माणसे आत गुदमरून मरतात. यंत्र कुठे येते आणि कुठे येत नाही, हे आजही जात ठरवते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपणही अर्धेच सांगितले असे होईल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण सुटले, हे चांगलेच झाले. ओवीसाठी बाईने पुन्हा जाते ओढावे, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः पायलीभर दळून पाहावे. पण जात्याच्या दोन बाजूंना बसून दोघी जे एकमेकींना सांगत, त्यासाठी दुसरी जागा आपण उभी केली काय? वाचलेला वेळ मजुरीत आणि चुलीत गेला. ओव्या टिकल्या त्या ध्वनिमुद्रणाच्या यंत्रामुळे, आणि ते यंत्र घेऊन कोणीतरी त्या वस्तीपर्यंत गेले म्हणून.

इथे दोन प्रकारचे श्रम वेगळे केले पाहिजेत. एक लादलेले, वेठीचे; ते यंत्राने संपवावेत, जितक्या लवकर तितके बरे. दुसरे माणसाने आपण होऊन पत्करलेले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गायले ते कोणाच्या वतनाचे काम म्हणून नव्हे. रात्रभर वस्तीत गाणे, तिथलीच भाकर खाणे, तिथली दुःखे ऐकणे आणि ती पुढच्या गाण्यात आणणे, या श्रमांतून चळवळीला माणसे मिळाली.

आज १४ एप्रिलला आपण दोनशे जणांना एकच चित्र पाठवतो आणि ‘जय भीम’ पोचला असे मानतो. वस्तीवर हल्ला झाल्याची बातमी तासाभरात राज्यभर पसरते. हे सामर्थ्य मोठे आहे, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी फिर्याद देणाऱ्या बाईबरोबर पोलीस ठाण्याच्या बाकावर कोण बसते? साक्षीदार फुटू लागले की त्यांच्या घरी कोण जाते? तारखेला एसटीचे तिकीट काढून कोर्टात कोण हजर राहते? आपल्या आजोबांना जे चालणे भाग पाडले गेले, ते संपले हे योग्यच झाले. हे चालणे मात्र आपण सोडून दिले तर त्याचा दोष मोबाइलच्या माथी मारता येणार नाही.