अपडेट कोण करतं? एका गाजलेल्या पेपरबद्दल

‘पेपर क्रिटिकली वाचा’ असं तुम्हाला सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला एका फसलेल्या नोंदीतून कळलं. ती नोंद माझीच होती.

पेपर आहे इउलिया आयन, रॉब रीडर आणि सनी कॉन्सॉल्व्हो या गूगलमधल्या तिघांचा, २०१५ च्या सूप्स परिषदेतला. त्यांनी २३१ सुरक्षातज्ज्ञांना आणि २९४ सामान्य वापरकर्त्यांना विचारलं: ऑनलाइन सुरक्षित राहण्यासाठी तुम्ही करता त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी कोणत्या? सॉफ्टवेअर अपडेटचं नाव ३५ टक्के तज्ज्ञांनी घेतलं, सामान्यांपैकी फक्त २ टक्क्यांनी. अँटिव्हायरसचं बरोबर उलट: सामान्य ४२ टक्के, तज्ज्ञ ७ टक्के.

पेपर चांगला आहे, हे आधी सांगते. तज्ज्ञांचं म्हणणंही खरं ठरलं. वॉनाक्राय ज्या त्रुटीतून पसरलं, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली होती. हल्ला झाला १२ मे ला. अपडेट घ्यायला मध्ये जवळजवळ दोन महिने होते.

मग अडचण कुठे आहे? मी हाच प्रश्न मराठीत केला आणि कोपरला आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांत विचारून पाहिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते मी कुठे बघते? कॉम्प्युटरवाला दादा येतो ना, तोच बघतो." मी वहीत लिहिलं: ‘अपडेट करत नाही’.

रात्री वही वाचताना लक्षात आलं की काकू हे बोललेल्याच नव्हत्या. माझ्या प्रश्नात ‘तुम्ही’ होतं, त्यांच्या उत्तरात तिसराच माणूस होता. त्याला लिहायला माझ्याकडे रकानाच नव्हता.

आमच्या घरी तरी वेगळं काय होतं? असेंबल केलेला पीसी, विंडोज ७ ची परवाना नसलेली प्रत आणि अपडेट बंद करून दिलेलं. चालू ठेवलं तर एक दिवस वॉलपेपर काळा होऊन ‘ही प्रत अस्सल नाही’ असा संदेश यायचा. अपडेट म्हणजे काय, हे बाबांना माहीत होतं. पण त्यांच्या हिशेबात अपडेट म्हणजे पुन्हा दुरुस्तीवाला आणि पुन्हा पैसे. सर्वेक्षणात हे ‘अज्ञान’ म्हणून मोजलं गेलं असतं.

अँटिव्हायरसचंही तसंच. पुण्याच्या क्विक हीलची सुरुवात पाहा. कैलाश काटकरांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांचे भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात अँटिव्हायरस लिहिलं. आमच्याकडेही ते दुरुस्तीवाल्याच्याच हातून आलं, विकत घेतलेलं, डोळ्यांना दिसणारं. अशा घरात ‘अँटिव्हायरस’ हे उत्तर सवयीपेक्षा एका माणसावरच्या विश्वासाबद्दल जास्त सांगतं.

हा विश्वास तज्ज्ञांच्या उत्तरातही आहे, फक्त तो दिसत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या पसरलं ते युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. त्याच्या तडाख्यात मर्स्क कंपनी सापडली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. अपडेट घेणं म्हणजे ते पाठवणाऱ्यावर भरवसा ठेवणं. काकू दादावर ठेवतात, तज्ज्ञ कंपनीवर.

लेखकांवर मी आळ घेत नाही. त्यांचे सामान्य वापरकर्ते अमेरिकेतले होते, मेकॅनिकल टर्कवरून निवडलेले, आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिलंय. चूक आपण करतो: ४२ टक्के उचलतो, ‘वापरकर्ते असे असतात’ म्हणतो आणि पुढे जातो.

म्हणून पेपर वाचताना आकड्याच्या आधी कर्ता शोधा. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं, तेव्हा ‘करणारा तोच आहे’ हे आधीच धरलंय का? तुमच्या गावात, तुमच्या घरात ते खरं आहे का? चुकीच्या कर्त्यावरून शिफारसही चुकते. माझ्या वहीवरून निघाली असती ‘काकूंना प्रशिक्षण द्या’. गरज कदाचित दादाशी बोलण्याची आहे.

आता माझा प्रश्न बदललाय: ‘शेवटचं काही बिघडलं तेव्हा कॉम्प्युटरला कोणी हात लावला?’ काकूंची जुनी नोंद मी खोडली आणि शेजारी लिहिलं: निर्णय दादाचा, कारण विचारायचंय. येत्या रविवारी दादा आमच्याकडे येतोय. यावेळी वहीत त्याच्यासाठी रकाना आहे.