प्राणायाम, प्राणवायू आणि पुरावा

‘प्राणायाम केल्याने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो’ हे वाक्य शाळेतल्या योगाच्या तासाला हमखास ऐकू येते. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जाऊ लागला, तेव्हापासून ते भित्तिपत्रकांवर आणि भाषणांतही सर्रास आढळते. गंमत अशी, की या समजुतीवर आक्षेप घेणाऱ्यांत योगाचा कोणी विरोधक नव्हे, तर योगासाठी आयुष्य वेचलेला एक शिक्षकच होता.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे काही वर्षे अमळनेरला अध्यापन करीत होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, असे मोजमापांतून दिसले. बस्तिक्रियेत पाणी आत चढते ते कोणत्याही गूढ शक्तीने नव्हे, तर बाहेरच्या हवेच्या दाबाने, हे त्यावरून स्पष्ट झाले. प्राणायामात नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू शोषला जातो हेही त्यांनी मान्य केले नाही.

हे म्हणणे आजच्या शरीरक्रियाशास्त्राशी जुळते का, हे नववी-दहावीचे विद्यार्थीही पडताळू शकतील. आपण मिनिटाला १२ वेळा, दर वेळी ५०० मिलिलिटर हवा आत घेतो असे धरू. यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते. म्हणजे वायुकोशांपर्यंत मिनिटाला ३५० × १२ = ४२०० मिलिलिटर हवा पोचते. आता श्वास संथ करून मिनिटाला ६ वेळा १००० मिलिलिटर हवा घेतली, तर हा आकडा ८५० × ६ = ५१०० होतो. ताजी हवा वाढली खरी, पण निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन मुळातच ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या घागरीवर नळ मोठा सोडला, म्हणून घागरीत जास्त पाणी मावत नाही.

मग भराभर श्वास घेतल्यावर डोके हलके का वाटते? कारण रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्याला आपण ‘मेंदूला मिळालेला जादा प्राणवायू’ समजतो, ते बरेचदा मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाल्याचे लक्षण असते.

मात्र कुवलयानंदांच्या लेखनालाही हीच फूटपट्टी लावायला हवी. सर्वांगासनाने कंठस्थ ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, रक्तपुरवठा सुधारतो आणि तिचे आरोग्य राखले जाते, असे त्यांनी प्रतिपादन केले. आतड्यातील दाबाबाबत त्यांच्या हाती मोजमाप होते. ग्रंथीच्या स्रावाबाबत तसे मोजमाप नव्हते. पुढच्या पुस्तकांनी नेमके हे न मोजलेले विधान उचलले आणि मोजलेले मागे पडले. याची किंमत मोठी असू शकते. थायरॉइडचा स्राव कमी असलेल्या मुलीला आसनाच्या भरवशावर गोळी बंद करायला सांगणे, हे तिच्या वाढीशी आणि अभ्यासाशी खेळणे आहे.

मग योगात तथ्य नाही काय? आहे, पण ते नेमके कशात आहे हे पाहावे लागते. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना केली, तसाच एक मंत्रही जपला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. शब्द वेगळे, लय एकच. म्हणजे या परिणामाचे श्रेय संथ श्वासाकडे जाते. कंबरदुखीवरील चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०२२ मध्ये अद्ययावत झाला. व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडा फायदा होतो, पण इतर पाठीच्या व्यायामांपेक्षा तो फारसा वेगळा नसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे फळ लहान असले तरी खरे आहे.

शिक्षकांनी हा विषय वर्गातच तपासायला घ्यावा. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. एका गटाने पाच मिनिटे संथ श्वसन करावे, श्वास मात्र रोखू नये; दुसऱ्याने नुसते शांत बसावे. आधी व नंतर प्रत्येकाने आपली नाडी मिनिटभर मोजावी आणि दोन्ही गटांच्या सरासऱ्या फळ्यावर मांडाव्यात. ठोके दोन्हीकडे सारखेच उतरले, तर श्रेय बसण्याला द्यावे लागेल. पहिल्या गटात अधिक उतरले, तर प्रयोग दुसऱ्या दिवशी गट बदलून पुन्हा करावा. ‘योग चांगला की वाईट’ या वादापेक्षा अशा एका तासाने विद्यार्थ्यांच्या पदरात अधिक पडेल.