सुझनला कोणी कळवले?

सी. एस. लुइस यांची नार्निया-मालिका १९५० ते १९५६ या काळात, वर्षाला एक याप्रमाणे, सात पुस्तकांत प्रसिद्ध झाली. शेवटच्या ‘द लास्ट बॅटल’ला ब्रिटनमधले मानाचे कार्नेगी पदक मिळाले. इंग्रजी वाङ्मयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री वाचन, असा माझा क्रम. ही पुस्तके मी तिशीत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. पहिली सहा पुन्हापुन्हा वाचली. सातवे मिटून ठेवले ते बरीच वर्षे उघडलेच नाही. का, ते नेमके सांगता येत नव्हते. ते सांगितले माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने. मालिका मी तिला वाचून दाखवत होते. शेवटचे पान संपल्यावर ती म्हणाली, “आत्या, मग सुझनला कोणी कळवलं?”

पीटर, सुझन, एडमंड आणि ल्युसी ही चार भावंडे पहिल्या पुस्तकात कपाटातून नार्नियात जातात आणि तिथले राजे-राण्या होतात. सातव्या पुस्तकाच्या शेवटी नार्नियाचा अंत होतो. इंग्लंडमध्ये रेल्वेचा अपघात झालेला असतो. तीन भावंडे, त्यांचे आईवडील आणि नार्निया पाहिलेली इतर मंडळी त्यात दगावली आहेत आणि ॲस्लन या सिंहाच्या शाश्वत देशात पोहोचली आहेत. सुझन तिथे नाही. ती जिवंत आहे आणि या जगात एकटी उरली आहे.

ती का नाही, याचा खुलासा जेमतेम पानभर. राजा टिरिअन तिची चौकशी करतो. ती आता नार्नियाची मैत्रीण राहिलेली नाही, असे पीटर तुटकपणे सांगतो. युस्टेस म्हणतो, नार्नियाला ती लहानपणचा खेळ समजते. जिल तिच्या लिपस्टिकचा, पायमोज्यांचा आणि पार्ट्यांचा उल्लेख करते. पॉली तिच्या मोठे होण्याच्या हौसेवर ताशेरा ओढते. मग पीटर विषय बदलतो आणि समोरच्या फळझाडांकडे बोट दाखवतो.

या पानावर टीका पुष्कळ झाली. मुलीचे वयात येणेच लुइसना खपत नव्हते, असा आरोप फिलिप पुलमन यांनी १९९८ मध्ये केला. नील गेमन यांनी २००४ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ सुझन’ ही कथा लिहिली. पुलमन यांचा आरोप मला पूर्ण पटत नाही. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये सुझन तरुण राणी आहे, परदेशी राजपुत्र तिला मागणी घालतो, आणि यात लेखकाला काही वावगे वाटलेले दिसत नाही. दोष लिपस्टिकचा नाही. माझ्या मते तो न्यायाच्या पद्धतीचा आहे आणि मालिकेने स्वतःच घालून दिलेली पद्धत इथे मोडली आहे.

पहिल्या पुस्तकात एडमंड मिठाईपायी सख्ख्या भावंडांशी दगाबाजी करतो. ॲस्लन एडमंडशी एकांतात बोलतो आणि नंतर त्याच्यासाठी स्वतः मरण पत्करतो. हावरा युस्टेस ड्रॅगन होतो, तेव्हा ॲस्लनच त्याची कातडी सोलून त्याला पुन्हा माणूस करतो. ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये खुद्द सुझन ल्युसीवर अविश्वास दाखवते, तिलाही ॲस्लन जवळ घेऊन धीर देतो. चुकलेल्याला समोर बोलावायचे, त्याचे ऐकायचे, मग काय ते ठरवायचे, हा नार्नियाचा कायदा. ‘द लास्ट बॅटल’मध्येही शत्रुसैन्यातल्या, दुसऱ्या देवाला भजणाऱ्या एमेथला तो लाभतो. डोळे असून न पाहणाऱ्या बुटक्यांसाठी ल्युसी रडून गयावया करते. सुझनबाबत मात्र एकतर्फी निकाल. ती हजर नाही, तिची बाजू कोणी मांडत नाही, ॲस्लन तिचे नावही घेत नाही. त्या संभाषणात एडमंड आणि ल्युसी गप्प आहेत. एक स्वतः माफी मिळालेला. दुसरी ॲस्लनच्या मृतदेहाशेजारी सुझनसोबत रात्रभर रडलेली.

मला इथे महाभारताचा शेवट आठवतो. महाप्रस्थानात द्रौपदी कोसळते. तिचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता, एवढे सांगून युधिष्ठिर मागे न पाहता पुढे जातो. तो अगदी पीटरसारखाच तुटक आहे. पण महाभारत तिथे थांबत नाही. स्वर्गाच्या दाराशी तोच युधिष्ठिर भावांना आणि द्रौपदीला सोडून आत यायला नकार देतो. पुढे नरकात त्यांचे आवाज ऐकल्यावर तिथेच राहतो म्हणतो. आधीच्या कोरडेपणाची भरपाई कथाच करते. पीटरला ही संधी लुइसनी दिली नाही. शाश्वत देशात भावंडांना दुरून आईवडील दिसतात, ती हात हलवतात, आणि पाचजणांच्या त्या आनंदात सहाव्या माणसाची आठवण कोणालाच होत नाही.

लुइस यांच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो. सुझन जिवंत आहे, तिला सुधारायला वेळ आहे, कदाचित तिच्या वाटेने ती ॲस्लनच्या देशी पोहोचेलही, असे त्यांनी एका मुलाला पत्रात लिहिले होते. हे पत्र वाचून मला बरे वाटले. पण पत्र म्हणजे पुस्तक नव्हे. जी आशा लेखकाच्या मनात होती, तिला सातव्या पुस्तकात एक वाक्यही मिळाले नाही.

भाचीला काय सांगावे, हे मला त्या रात्री सुचले नाही. आज एवढे म्हणता येते, की हा प्रश्न तिला लुइसनीच शिकवला. सहा पुस्तके त्यांनी तिला सांगितले, की हरवलेल्या माणसाची चौकशी करायची असते. सातव्यात त्यांनी ती केली नाही, म्हणून तिने केली.