अन्ननलिका व जठराच्या कर्करोगातील ‘बायोमार्कर’ : एक चिकित्सा

गेल्या काही वर्षांत जीवतंत्रज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयांतून एका ठराविक साच्याचे शोधनिबंध येऊ लागले आहेत. अमेरिकेतील ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ या खुल्या संग्रहातून अन्ननलिकेच्या वा जठराच्या गाठींची जनुक-अभिव्यक्ती उतरवून घ्यावयाची, निरोगी ऊतीशी तुलना करावयाची आणि दहा-वीस जनुकांची यादी ‘बायोमार्कर’ म्हणून जाहीर करावयाची. सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयात संगणकीय जीवशास्त्र शिकविण्यास ही पद्धत उत्तमच आहे. आक्षेप आहे तो निष्कर्षावर.

या संग्रहात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे शीर्षक एकच. पण त्याखाली स्क्वॅमस व अ‍ॅडेनो असे दोन निराळे रोग एकत्र आहेत. खुद्द त्याच प्रकल्पाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की, अ‍ॅडेनो प्रकार जठराच्या कर्करोगाच्या एका उपप्रकाराशी मिळताजुळता आहे, तर स्क्वॅमस प्रकार इतर अवयवांतील स्क्वॅमस कर्करोगांशी. एचईआर-२ जनुकातील बदल अ‍ॅडेनो गाठींपैकी सुमारे एक तृतीयांशात आढळले, स्क्वॅमसमध्ये क्वचितच. दोहोंची सरासरी काढली की हा फरक पुसला जातो. भारतात स्क्वॅमस प्रकारच अधिक. तेव्हा बिदर-कलबुर्गीच्या अभ्यासकाने हे शीर्षक न फोडता वापरणे म्हणजे आपला रुग्ण सोडून दुसऱ्याचाच अभ्यास करणे होय. असे निबंध तपासनीसांच्या नजरेतून सुटतात कसे, हे कोडेच आहे.

दुसरे असे की, गाठीत वाढलेले प्रत्येक जनुक उपयोगी दर्शक नसते. पुष्कळ जनुके पेशी वेगाने विभागत आहेत एवढेच सांगतात. एचईआर-२ ला मोल आले ते त्याच्याशी औषध जोडले गेल्यामुळे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टोगा’ चाचणीत केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅबची जोड दिल्यावर प्रगत जठर-कर्करोगाच्या एचईआर-२ पॉझिटिव्ह रुग्णांचे मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले. तीन महिन्यांहूनही कमी अशा या लाभाच्या पुराव्यासाठी अनेक देशांतील ५९४ रुग्ण लागले.

दर्शकाची परीक्षा माणसांत कशी घ्यावी, याचे उदाहरण आपल्या सीमेलगतच आहे; रोग निराळा असला तरी रीत तीच. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय व टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर जवळपास तेवढ्याच आकाराच्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. तरीही येथे मोजले गेले ते मृत्यू, आलेखावरील रेषा नव्हेत.

आळंद वा बसवकल्याणकडचा रुग्ण बहुधा घास अडकू लागल्यावरच दवाखान्याची पायरी चढतो. कलबुर्गीत किडवाई संस्थेचे केंद्र आहे. निदान मात्र आजही एंडोस्कोपी व बायोप्सीवरच होते. त्याच्यासाठी वीस जनुकांची नवी यादी निरुपयोगी आहे. महाविद्यालयांनी निदान दोन्ही प्रकार वेगळे करावेत, आपली यादी दुसऱ्या स्वतंत्र संग्रहावर पडताळावी आणि शीर्षकात ‘बायोमार्कर’ऐवजी ‘सहसंबंध’ लिहावे. त्यापुढचे काम वैद्यकीय महाविद्यालयांतील जतन केलेल्या मेणाच्या ठोकळ्यांवर, नैतिकता समितीच्या परवानगीने, एकदोन प्रथिनांचे रंजन करून पाहता येईल.