खोडलेलं दिसायला हवं: वार्षिक नियोजनाची ॲप्स आणि संशोधनाचं वर्ष

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन प्रश्न हमखास असतात. नेट-सेटचा अभ्यास कसा करायचा? आणि वर्षाचं प्लॅनिंग कुठल्या ॲपवर करायचं? पहिल्यावर भरपूर लिहिलं जातं. दुसऱ्यावर जे लिहिलं जातं ते बरेचदा जाहिरातीच्या जवळ जातं: हे टेम्प्लेट घ्या, हे रंग द्या, बारा महिन्यांची बारा पानं करा. आज जरा कडक परीक्षा घेऊया. टोडोइस्ट, गूगल टास्क्स, नोशन आणि ऑब्सिडियन ही चार ॲप्स संशोधनाचं एक वर्ष सांभाळायला कितपत लायक आहेत?

कसोटी एकच लावणार आहे. जानेवारीत आखलेली योजना ऑगस्टमध्ये कोलमडली, तर ॲप त्या कोलमडण्याचं काय करतं?

हीच कसोटी का? कारण संशोधनात योजना कोलमडते. तुम्ही आळशी आहात म्हणून नव्हे, तर कामाचा स्वभावच तसा आहे म्हणून. केमिकलची ऑर्डर महिनाभर लांबते, बाहेरच्या केंद्रात पाठवलेल्या सॅम्पलचा नंबर लागत नाही, आणि लागला तरी आलेला स्पेक्ट्रम भलतंच काहीतरी सांगतो. मग पुढची तीन कामं आपोआप रद्द होतात आणि यादीत नसलेली दोन नवी उगवतात.

ऑफिससाठी शिवलेला कोट

ही ॲप्स ज्या विचारावर उभी आहेत, त्यातला बराचसा डेव्हिड ॲलन यांच्या 2001 साली आलेल्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकाने घराघरांत पोचवला. डोक्यातलं सगळं काम बाहेर काढून विश्वासाच्या जागी लिहा, प्रत्येक कामाची पुढची कृती ठरवा आणि ठरावीक वेळाने यादी तपासा, हे त्याचं सार. पद्धत चांगलीच आहे. पण तिचा जन्म ऑफिसच्या जगातला. तिथे ईमेल येते, तिला उत्तर जातं, फाइल पुढे सरकते. काम संपलं की नाही याबद्दल वाद नसतो.

संशोधनात पुढची एक कृती नक्की सांगता येते: उद्या सकाळी रिॲक्शन लावायची, हा पेपर वाचायचा, तो कोड चालवायचा. विसावी कृती सांगता येत नाही, कारण ती पहिल्या एकोणीस कृतींच्या निकालावर ठरणार असते. वार्षिक टेम्प्लेट मात्र तुमच्याकडून ती विसावी कृतीही तारखेसकट मागतं. तुम्ही देताही, कारण रिकामा चौकोन बघवत नाही. गोची इथेच सुरू होते.

प्रयोगवही काय शिकवते

एमएस्सीला पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलेला नियम आठवा. प्रयोगवहीत खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवा आकडा तारखेसह लिहायचा. कारण चुकलेला आकडाही माहिती असते. सहा महिन्यांनी 'हे असं का केलं होतं?' असा प्रश्न पडतो, तेव्हा त्या रेघेखालच्या आकड्यात उत्तर सापडतं.

आता टू-डू ॲपकडे बघा. तारीख उलटली की काम लाल होतं. तुम्ही ते पुढच्या सोमवारवर ढकलता. लाल रंग जातो आणि काम जणू पहिल्यापासूनच सोमवारचं होतं असं दिसू लागतं. मूळ तारीख कोणती होती, काम कितीदा ढकललं आणि का ढकललं, यातलं काहीच समोर उरत नाही. प्रयोगवहीत ज्याला मनाई, ते इथे एका बोटाच्या टपलीत होतं आणि त्यालाच सोय म्हणतात.

आता म्हणाल, एवढं काय बिघडलं? तारीखच तर आहे!

तारीखच तर डेटा आहे

आपण कामाला लागणारा वेळ कमी धरतो, या सवयीला डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी ती ज्या विद्यार्थ्यांवर तपासली ते तुमच्यासारखेच होते: मानसशास्त्राच्या पदवीचा प्रबंध लिहिणारे. प्रबंध कधी पूर्ण होईल, असं त्यांना विचारलं. सरासरी अंदाज आला 33.9 दिवसांचा. सगळं शक्य तितकं वाईट घडलं तर किती लागतील? सरासरी 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी 55.5 दिवस. म्हणजे त्यांनी कल्पना केलेल्या सर्वांत वाईट परिस्थितीपेक्षाही आठवडाभर जास्त.

या शोधनिबंधातला पुढचा भाग जास्त कामाचा आहे. अंदाज करताना लोक समोरच्या कामाच्या पायऱ्या मोजत बसतात. आधीच्या तशाच कामांना किती वेळ लागला होता, याचा विचार फारसा करत नाहीत. पण जुने अनुभव आठवून ते समोरच्या कामाशी जोडायला लावलं, तेव्हा त्यांचा फाजील आशावाद उतरला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. अंदाज सुधारायचे तर आपलेच जुने अंदाज आणि त्यांचे निकाल समोर हवेत. आणि ॲप नेमकं तेच पुसून टाकतं. माझी खरी तक्रार ही आहे. रंग, नोटिफिकेशन, महिन्याची फी हे सगळं दुय्यम.

एकेकाचा निकाल

टोडोइस्ट वापरायला झकास. 'दर शुक्रवारी' असं साध्या इंग्रजीत टाइप केलं की ते स्वतः तारीख लावून घेतं. पण वर्षाच्या दृष्टीने त्यात दोन खोट आहेत. एक म्हणजे थकीत कामं ढकलण्याचं बटण अगदी हाताशी आहे. ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये बदलांची नोंद असते, पण ती मुद्दाम जाऊन शोधावी लागते, आणि का ढकललं हे तिच्यात नसतं. दुसरी खोट 'कर्मा' गुणांची. काम पूर्ण केलं की गुण वाढतात, तुंबून राहिलं की घटतात. साहजिकच 'सरांना मेल करणे' आणि 'प्रिंट काढणे' अशा कामांनी यादी फुगते. 'हा निकाल असा का आला याचा विचार करणे' हे काम तिथे कोणी लिहीत नाही, कारण त्यावर टिक कधी मारायची? संशोधनातला सर्वांत मोलाचा वेळ या हिशोबात शून्य ठरतो.

गूगल टास्क्स फार साधं आहे, आणि तोच त्याचा गुण. कॅलेंडरमध्ये काम दिसतं, बाकी भानगड नाही. अर्ज भरण्याची शेवटची तारीख, कॉन्फरन्सच्या ॲबस्ट्रॅक्टची तारीख, फेलोशिपची कागदपत्रं यासाठी ते पुरेसं आहे. वर्षाच्या ध्येयांसाठी मात्र ते नाही. तिथे ध्येय आणि किराणा एकाच मापाने मोजले जातात.

नोशन हे इथलं सर्वांत ताकदवान आणि म्हणून सर्वांत धोक्याचं. टेबल, बोर्ड, कॅलेंडर, टाइमलाइन असा एकच मजकूर चार रूपांत बघता येतो. ध्येयांचं टेबल वाचलेल्या पेपरांच्या टेबलाला जोडता येतं. माझ्या कसोटीवर ते उतरू शकतं, पण 'मूळ तारीख' आणि 'बदलाचं कारण' असे दोन रकाने तुम्ही स्वतः बनवलेत तरच. तयार वार्षिक टेम्प्लेटमध्ये बहुधा ध्येय, टक्केवारीची पट्टी आणि वर एक सुंदर फोटो असतो. ती पट्टी तर बघाच. 'थिसिसचा दुसरा अध्याय: 60 टक्के.' हे साठ कशाचे? पानांचे? प्रयोगांचे? समजण्याचे? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकक नसलेला आकडा लिहू नये, एवढं तरी आपण पाळूया. शिवाय नोशनमध्ये घर सजवण्याचा मोह भयंकर. डॅशबोर्ड करण्यात रविवार जातो आणि अभ्यास झाल्यासारखं समाधान मात्र मिळतं.

ऑब्सिडियन तुमच्याच कॉम्प्युटरवर साध्या टेक्स्ट फाइली ठेवतं. ॲप उद्या बंद पडलं तरी फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. रोजच्या तारखेचं पान आपोआप तयार करता येतं, म्हणजे ते प्रयोगवहीच्या सर्वांत जवळ जातं. उणीव ही की ते तुम्हाला आठवण करून देत नाही. प्लगइन घालता येतात, पण त्यांच्या नादी लागलात की पुन्हा नोशनचाच रविवार.

फाइल उघडण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण हिशोब करा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं लागतात आणि साधारण कमाल मुदत सहा वर्षांची आहे. ॲप तेवढं टिकेल? वुंडरलिस्ट हे लोकप्रिय टू-डू ॲप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विकत घेतलं आणि मे 2020 मध्ये बंद केलं. एव्हरनोटने डिसेंबर 2023 मध्ये फुकट वापरणाऱ्यांना 50 नोट्स आणि एका नोटबुकची मर्यादा घातली. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: यातलं माझं सगळं बाहेर कसं काढायचं?

ध्येय म्हणून काय लिहिता?

सगळा दोष ॲपच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. ॲपमध्ये आपण काय लिहितो, हेही बघू. 'जेआरएफ मिळवणे', 'पेपर पब्लिश करणे', 'चांगला गाइड मिळवणे'. ही तिन्ही वाक्यं चेकबॉक्ससमोर लिहिलेली दिसतात आणि तिन्हींचा निकाल दुसऱ्याच्या हातात आहे. जेआरएफ कटऑफवर ठरते, पेपर रेफरीवर, गाइड तर जागा रिकामी आहे की नाही यावर. अशा ओळीवर वर्षभर टिक पडत नाही आणि डिसेंबरमध्ये तुम्ही स्वतःला नालायक ठरवून मोकळे होता.

तुमच्या हातात आहे ते वेगळं लिहा. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणं. ज्यांच्याकडे काम करायचंय अशा दहा जणांचे अलीकडचे पेपर वाचून प्रत्येकाला स्वतंत्र मेल लिहिणं. हस्तलिखित पाठवणं, कारण स्वीकारलं जाणं तुमचं काम नव्हे. चेकबॉक्स फक्त अशाच ओळींसमोर शोभतो.

मग करायचं काय?

ॲप कुठलंही घ्या, दोन जागा वेगळ्या ठेवा. पहिली तारखांची. तिथे गूगल टास्क्स किंवा टोडोइस्ट उत्तम, कारण शेवटची तारीख चुकली की दार बंद. आठवण करून देण्यात फोनचा हात कागदाची वही धरू शकत नाही.

दुसरी जागा वर्षाची, आणि ती फक्त वाढत जाणारी हवी. एक साधी फाइल पुरे, किंवा गूगल शीट. पाच रकाने करा: काम, मूळ अंदाज, प्रत्यक्ष किंवा नवी तारीख, बदलाचं कारण, नोंदीची तारीख. जुनी ओळ बदलायची नाही, खाली नवी ओळ घालायची. कारण एका शब्दात लिहा: 'सामान', 'मशीन', 'सही', 'वाचन कमी पडलं', 'टाळलं'. शेवटचा शब्द लिहिताना जीवावर येईल. लिहा. फाइल तुमचीच आहे.

महिन्यातून एकदा अर्धा तास ती वाचा. समजा पुनरावलोकनाच्या चार कामांना तुम्ही दोन-दोन आठवडे धरले होते आणि प्रत्येकाला चार-पाच लागले. मग पाचव्याला दोन आठवडे लिहिण्याचा हक्क तुम्ही गमावला आहे. आणि निम्म्या ओळींपुढे 'मशीन' असेल, तर प्रश्न तुमच्या शिस्तीचा नाही. स्लॉट आधी मागायचा, किंवा मशीनची वाट बघण्याच्या दिवसांत लेखन ठेवायचं.

याचा उपयोग पुढेही आहे. त्याच 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे 'उशीर का झाला?' हा प्रश्न येतोच. साठ टक्क्यांची हिरवी पट्टी त्याचं उत्तर देत नाही. तारखा आणि कारणं असलेली ती पाच रकान्यांची फाइल देते. समितीला देते, आणि त्याआधी तुम्हाला.

आत्ता जे ॲप वापरताय त्याची परीक्षा दोन मिनिटांत होईल. मागच्या तीन महिन्यांत ढकललेलं एक काम उघडा आणि त्याची पहिली तारीख शोधा. सापडली नाही, तर ते ॲप आठवणीपुरतं ठेवा आणि वर्षासाठी आजच वेगळी फाइल उघडा. पहिली ओळ याच कामाची लिहा.