‘स्थिर’ पठार : एका संज्ञेची चिकित्सा

द्वीपकल्पीय पठार हा स्थिर भूखंड आहे, हे विधान भूगोलाच्या अध्यापनात इतके रूढ झाले आहे की, त्याची चिकित्सा करण्याचे प्रयोजन सहसा कोणास भासत नाही. प्रस्तुत टिपणात ‘स्थिर’ या विशेषणाची मर्यादा बीड जिल्ह्याच्या संदर्भात तपासावयाची आहे.

भूपट्ट सिद्धान्ताचे विवेचन बहुधा पट्टांच्या सीमांपाशीच थांबते. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, युरेशियन भूपट्टाशी त्याची टक्कर होते व हिमालयात भूकंप घडतात, एवढे विद्यार्थी जाणतो. त्यावरून सीमेपासून दूरचा प्रदेश निर्धोक, असा निष्कर्ष तो काढतो. सिद्धान्त मात्र असे सांगत नाही. टकरीचा दाब पट्टाच्या अंतर्भागातही पोचतो आणि प्राचीन खडकांतील दुर्बल प्रतलांवर साचतो. ही क्रिया मंद असल्याने दोन मोठ्या धक्क्यांतील अंतर मानवी स्मृतीपलीकडचे असू शकते. म्हणजे ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ ‘क्वचित’ एवढाच आहे. आपण तो ‘कधीच नाही’ असा घेतला.

11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हाच या अर्थाचा फेरविचार व्हावयास हवा होता. परंतु त्या धक्क्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला आणि उर्वरित पठाराविषयीचे गृहीतक अबाधित राहिले. बीड जिल्ह्यातील बालाघाटात मांजरा उगम पावते. तिची उपनदी तेरणा; तिच्याच खोऱ्यात किल्लारी आहे. तेथे 1992 मध्ये लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सुमारे 6.2 परिमाणाचा भूकंप होऊन हजारो माणसे झोपेतच दगावली. तत्कालीन भूकंपक्षेत्र-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणीत होता. 2002 मध्ये ती श्रेणीच रद्द करण्यात आली.

पुढे किल्लारी येथे घेतलेल्या वेधनात बेसाल्टची जाडी केवळ 338 मीटर आढळली. त्याखाली प्राचीन स्फटिकमय खडक आहेत. बीड जिल्हाही याच लाव्हाथरांनी आच्छादलेला आहे. वरचा काळा कातळ अभंग दिसतो, म्हणून खालचा खडकही अभंग असेल, असे अनुमान करता येत नाही.

तथापि, किल्लारीच्या प्राणहानीचे सारे उत्तर भूगर्भात नाही. मातीत रचलेल्या दगडी जाड भिंती आणि माळवदाचा भार यांनी माणसे गाडली गेली. बीडच्या जुन्या गावठाणांतही अशीच घरे आढळतात. या जिल्ह्याला संकट म्हणून परिचय आहे तो अवर्षणाचा. अवर्षण चाहूल देऊन येते, महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि शासनाला छावण्या, टँकर यांची तयारी करण्यास अवधी देते. भूकंप हा अवधी देत नाही; त्याचे नेमके भाकीतही आज शक्य नाही. म्हणून त्याचे व्यवस्थापन घटनेपूर्वी, भिंत रचतानाच व्हावयास हवे. भिंतीच्या दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड, चौकटीवरून सर्व भिंतींना बांधणारा सलग पट्टा, छपरावरील मातीचा कमी केलेला थर, एवढ्या साध्या उपायांनीही जोखीम पुष्कळ घटते.

धोका निसर्गाधीन आहे. जोखीम बव्हंशी मनुष्याधीन. ‘स्थिर’ हे विशेषण या दोहोंतील भेद झाकून टाकते आणि जेथे तयारी शक्य होती तेथे ती अनावश्यक ठरवते. ते पाठ्यक्रमात ठेवावयाचे असल्यास त्यासोबत किल्लारीचे उदाहरण अनिवार्यपणे शिकवले जावे.